हृदयातलं भोक: मिलिमीटरच्या पुढे काय विचारायचं?

कॅथलॅबची_ताई (ठाणे)

मी ठाण्यात कॅथ लॅबमध्ये (हृदयात बारीक नळी घालून तपासणी-उपचार करतात ती जागा) टेक्निशियन आहे. लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्याही हृदयातल्या भोकांच्या केसेस सतत समोर येतात. नातेवाईकांचा पहिला प्रश्न जवळपास नेहमी तोच असतो: "भोक किती मोठं आहे?" इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर मिलिमीटरच्या आकड्याला कुणीतरी पेनाने गोल केलेला असतो. आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याच कागदावरच्या दोन-तीन ओळी त्याहून जास्त सांगून जातात आणि त्या कुणी वाचतच नाही. म्हणून हा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांचेच. पण काय विचारायचं ते तरी सगळ्यांना कळावं.

अंगातून फिरून आलेलं, ऑक्सिजन संपत आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं. फुप्फुसातून शुद्ध होऊन डाव्या बाजूला येतं आणि तिथून सगळ्या अंगाला. दोन बाजूंच्या मधे पडदा. मोठ्या माणसाच्या डाव्या खालच्या कप्प्यात प्रेशर १२०च्या आसपास, उजव्या खालच्या कप्प्यात जेमतेम २५. मग पडद्यात वाट राहिली असेल तर रक्त डावीकडून उजवीकडेच घुसणार. म्हणजे नुकतंच शुद्ध झालेलं रक्त पुन्हा फुप्फुसात. पास काढून प्लॅटफॉर्मवर पोचलेल्या माणसाला परत तिकिटाच्या रांगेत उभं करावं, तसं. याला 'लेफ्ट टू राइट शंट' म्हणतात. खालच्या कप्प्यांमधलं भोक म्हणजे व्हीएसडी, वरच्या कप्प्यांमधलं एएसडी, आणि महाधमनी व फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांना जोडणारी जन्माआधीची नळी बुजली नाही तर पीडीए.

या जादा फेऱ्याने बाळ निळं पडत नाही. गुलाबी, हसरं दिसतं. त्रास होतो तो फुप्फुसांना आणि हृदयाला, कारण त्यांच्यावर दुप्पट-तिप्पट रक्ताचा भार पडतो.

"दुप्पट" हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही, मोजतो. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेतात आणि प्रत्येक ठिकाणचं थोडं थोडं रक्त काढून आमच्याकडे देतात. मी सिरिंजवर लेबल लावून मशीनला घालते आणि आकडे मोठ्याने वाचते. समजा, हृदयात येणाऱ्या अशुद्ध रक्तात ऑक्सिजन ७० टक्के, फुप्फुसाच्या धमनीत तो एकदम ८४, आणि महाधमनीत ९८. नीट हृदयात पहिले दोन आकडे जवळपास सारखे हवेत. ७०चे ८४ झाले याचा अर्थ मधे कुठेतरी शुद्ध रक्त मिसळलं. आता ९८ वजा ७० म्हणजे २८, एवढा ऑक्सिजन अंग काढून घेतं. ९८ वजा ८४ म्हणजे १४, एवढाच फुप्फुसात दर फेरीला भरला जातो. २८ भागिले १४, उत्तर २. अंगाला जेवढं रक्त जातं त्याच्या दुप्पट फुप्फुसात फिरतंय. रिपोर्टवर हे 'क्यूपी क्यूएस' असं लिहिलेलं असतं. साधारण दीडच्या पुढे गेलं की भोक बंद करायचा विचार सुरू होतो, अर्थात फुप्फुसातलं प्रेशर बघून.

तेव्हा डॉक्टरांना विचारा: रक्त कुठून कुठे जातंय? किती जातंय? फुप्फुसातलं प्रेशर किती? आणि थांबलो तर नक्की कधीपर्यंत? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ऐरोलीची_आई

ताई, फार बरं केलंत. माझ्या मुलीला व्हीएसडी होता, आता ऑपरेशन होऊन छान आहे. मनात एक सल मात्र अजून आहे. जन्मल्यावर बाळाला तपासून "सगळं नॉर्मल" म्हणून घरी पाठवलं. सहाव्या आठवड्याच्या लसीला गेलो तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. पहिल्यांना ऐकू कसं आलं नाही?

तोपर्यंत मला वाटायचं पोर आळशी आहे. दोन मिनिटं दूध ओढायची, थांबायची, धापा टाकायची, परत ओढायची. कपाळावर आणि डोक्यामागे घामाचे थेंब, पंखा चालू असतानाही. माझी बाही रोज ओली व्हायची. सासूबाई म्हणायच्या, उष्णता आहे.

बालरोग_नेरूळ

ऐरोलीची आई, पहिल्या डॉक्टरांना ऐकू आलं नाही कारण तेव्हा आवाजच नव्हता, ही शक्यता मोठी आहे. तो सल काढून टाका.

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं श्वासासाठी वापरात नसतात. ऑक्सिजन वारेतून येतो. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे तिथलं प्रेशर जास्त. जन्मानंतर पहिल्या श्वासांपासून ते उतरायला लागतं, पण पूर्ण उतरायला काही आठवडे जातात. जोपर्यंत दोन्ही बाजूंचं प्रेशर जवळपास सारखं आहे तोपर्यंत भोकातून रक्त जोरात वाहत नाही, आणि वाहिलं नाही तर आवाज नाही. दोन ते सहा आठवड्यांत उजवीकडचं प्रेशर पडतं, तेव्हा मर्मर (स्टेथोस्कोपमधून येणारा हृदयातला जादा आवाज) ऐकू येतो आणि धापही तेव्हाच सुरू होते. म्हणून सहाव्या आठवड्याच्या लसीला फक्त सुई टोचून परत येऊ नका, बाळाची छाती ऐकायला आवर्जून सांगा.

दूध पिताना घाम, वजन न वाढणं, श्वास भराभर चालणं, वरचेवर न्यूमोनिया: यातलं काहीही असेल तर इको करून घ्यावा. बाळाला दूध पिणं म्हणजे जिना चढण्याएवढे श्रम असतात.

जन्मानंतर २४ तास झाले की उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. ९५ टक्क्यांच्या खाली आलं किंवा हात-पायात तीनहून जास्त फरक दिसला तर पुढे तपासतात. बाळंतपणाच्या वेळी ही तपासणी मागून घ्या. पण ती निळेपणाचे, तातडीचे आजार पकडते. साधा व्हीएसडी त्यात सापडत नाही, कारण त्या बाळाचं ऑक्सिजन चांगलंच असतं.

पाचपाखाडी

आमच्या लहानपणी चाळीत एक मुलगा होता. ओठ जांभळे, नखं जांभळी. लपाछपीत चार पावलं पळाला की मधेच उकिडवा बसायचा, गुडघे छातीशी घेऊन. आम्ही समजायचो दमला. थोड्या वेळाने उठून परत खेळायचा. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेलं, त्याचं काय झालं कळलं नाही. तुम्ही सांगताय त्यात तो बसतो का? तुमची बाळं तर गुलाबी म्हणताय.

कॅथलॅबची_ताई

काका, मी त्या मुलाला पाहिलेलं नाही, पण तुमचं वर्णन 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो'च्या मुलांसारखं आहे. एटियेन फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८मध्ये त्यातले चार दोष एकत्र मांडले. त्यात व्हीएसडी असतोच, शिवाय फुप्फुसाकडे जायची वाट अरुंद असते. उजवीकडच्या रक्ताला फुप्फुसात शिरणं जड जातं, मग ते भोकातून डावीकडे जातं आणि अशुद्धच अंगभर फिरतं. म्हणून ओठ-नखं जांभळी. हा उलट्या दिशेचा शंट.

आणि उकिडवं बसणं! ते मूल स्वतःवर उपचार करत असतं. पाय दुमडले की पायांच्या धमन्या दाबल्या जातात, अंगाकडच्या बाजूचं प्रेशर वाढतं, डावीकडे पळणारं रक्त अडतं आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. कुणी न शिकवता मुलांना हे सापडतं. अशा बाळाला अचानक निळेपणाचा झटका आला तर पहिली गोष्ट तीच करतात: बाळाचे गुडघे त्याच्या छातीशी दाबून धरायचे आणि तसंच दवाखाना गाठायचा.

या मुलांसाठीचा पहिला मोठा उपाय म्हणजे मुद्दाम केलेला शंट. हेलन टॉसिग या बाल्टिमोरच्या बालहृदयतज्ज्ञ. त्यांच्या लक्षात आलं की निळ्या मुलांमध्ये ज्यांची पीडीएची नळी उघडी असते ती बरी राहतात आणि नळी बुजली की खालावतात. मग तशी नळी आपणच का करू नये? २९ नोव्हेंबर १९४४ला जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. हे तंत्र प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवणारे विव्हियन थॉमस ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. थॉमस कृष्णवर्णीय, वैद्यकीय पदवी नसलेले. कितीतरी वर्षं त्यांचं नाव या ऑपरेशनला लागलं नाही. मी स्वतः टेक्निशियन आहे, म्हणून हे नाव मला दरवेळी घ्यावंसं वाटतं. आज बहुतेक मुलांचं पूर्ण दुरुस्तीचं ऑपरेशन लहानपणीच होतं, पण खूप लहान किंवा अशक्त बाळांना आजही आधी असा शंट घालतात.

सानपाडा_लोकल

धागा चांगला आहे, पण घाबरवणारा वाटतोय. माझ्या पुतण्याला जन्मतः व्हीएसडी सांगितला होता. आम्ही काही केलं नाही, दोन वर्षांत आपोआप बंद झाला. डॉक्टर लगेच ऑपरेशनचं काढतात म्हणून लोक धास्तावतात.

बालरोग_नेरूळ

पुतण्याचं ऐकून आनंद झाला. हे खरंच होतं, आणि वरचेवर होतं. पडद्याच्या स्नायूच्या भागातली लहान भोकं बऱ्याचदा पहिल्या एक-दोन वर्षांत बुजतात. अशा बाळांना मी स्वतः "फक्त बघत राहू" सांगतो. पण एएसडीचे आणि व्हीएसडीचे काही प्रकार असे आहेत की ते कधीच आपोआप बुजत नाहीत, आणि मोठा व्हीएसडी बुजायची वाट बघत बसलं तर फुप्फुसं खराब होतात. तुम्ही काही केलं नाही म्हणता, पण दोन वर्षांत बंद झाल्याचं कळलं म्हणजे इको करत होतात ना? मग योग्य तेच केलंत. लक्ष ठेवून थांबणं हा उपचारच आहे. रिपोर्ट कपाटात ठेवून थांबणं मात्र धोक्याचं.

कॅथलॅबची_ताई

डॉक्टरांच्या बोलण्याला जोडून एक गोष्ट, जी मला या धाग्यात सगळ्यात जास्त सांगायची आहे.

मोठा व्हीएसडी असलेलं मूल. पहिलं वर्ष हाल: धाप, न्यूमोनिया, वजन नाही. मग हळूहळू बरं वाटायला लागतं. खायला लागतं, अंग धरतं, डॉक्टरांना मर्मरही बारीक ऐकू येतो. घरचे म्हणतात, भोक भरत आलं, देवाची कृपा. भोक भरत आलं असेल तर उत्तमच. पण दुसरीही शक्यता असते. वर्षभर जास्त रक्ताचा मारा सहन करून फुप्फुसातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड झालेल्या असतात, आतली जागा अरुंद झालेली असते. तिकडचं प्रेशर इतकं वाढलेलं असतं की आता रक्त त्या बाजूला फारसं जातच नाही. म्हणून धाप कमी आणि आवाज कमी. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात, फरक इकोतच कळतो.

यापुढची पायरी म्हणजे दिशा उलटते. फुप्फुसातलं प्रेशर अंगातल्या प्रेशरच्या वर जातं, अशुद्ध रक्त डावीकडे यायला लागतं आणि गुलाबी मूल निळं होतं. व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १८९७मध्ये अशा एका ३२ वर्षांच्या माणसाची हकीकत लिहिली. पुढे १९५८मध्ये लंडनच्या पॉल वूड यांनी हा सगळा प्रकार नीट मांडून त्याला आयझेनमेंगरचं नाव दिलं. या टप्प्यावर भोक बंद करता येत नाही. बंद केलं तर उजव्या बाजूला प्रेशर सोडायला वाटच उरत नाही आणि ती कोलमडते. ज्या भोकाने नुकसान केलं त्याच भोकावर आता माणूस जगत असतो.

मोठ्या व्हीएसडीत हे वर्ष-दोन वर्षांत सुरू होऊ शकतं, म्हणूनच बरेचसे मोठे व्हीएसडी पहिल्या वर्षातच बंद करतात. डाउन सिंड्रोमच्या मुलांत तर याहूनही लवकर. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना हृदयाचा दोष असतो, तेव्हा अशा प्रत्येक बाळाचा इको जन्मल्यावर लगेच व्हायला हवा, मर्मर ऐकू येवो न येवो.

एक रुग्ण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पंचविशीची मुलगी, बंद न केलेला पीडीए. तिच्या हातांची नखं गुलाबी होती, चादर बाजूला केली तर पायांची नखं जांभळी आणि बोटांची टोकं फुगीर. ती नळी महाधमनीला हाताच्या फांद्या फुटल्यानंतर जोडलेली असते. त्यामुळे उलटं फिरलेलं अशुद्ध रक्त फक्त खालच्या अंगाला जातं. आजवर सगळ्यांनी ऑक्सिमीटर हाताच्याच बोटाला लावला होता.

सीवूड्स_४२

वाचून गलबलून आलं. तुम्ही मुलीचा उल्लेख केला म्हणून विचारते. आमच्या नात्यात एका मुलीचं हृदयाचं दुखणं स्थळं बघताना लपवलं गेलं. ऑपरेशन झालेलं नाही. थोडं चाललं तरी तिचे ओठ काळसर होतात. आता लग्नानंतर सासरचे बाळाचं बघताहेत. तिची आई म्हणते, काही होत नाही, डॉक्टर असेच घाबरवतात.

कॅथलॅबची_ताई

कृपा करून त्या मुलीला आजच्या आज हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. हे मी हात जोडून सांगतेय. आयझेनमेंगर झालेल्या बाईला गरोदरपण जीवघेणं असतं. अशा गरोदरपणात आईचा मृत्यू होण्याचं प्रमाण जगभरच्या नोंदींत ३० ते ५० टक्के सांगितलं जातं. म्हणूनच डॉक्टर स्पष्ट नाही म्हणतात. तिला कदाचित दुसरंच काही असेल, बरं होण्यासारखं असेल. पण ते इको झाल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही, ना तिची आई, ना मी.

लपवण्याबद्दल मला खूप राग येतो. ज्या मुलीचा व्हीएसडी किंवा एएसडी वेळेवर बंद झाला आणि फुप्फुसातलं प्रेशर नॉर्मल आहे, ती बहुतेक वेळा सगळ्यांसारखी नांदते, बाळंतपणंही नीट होतात. तिच्या छातीवरचा व्रण लपवायची गरजच नाही. आणि जिचं झालेलं नाही तिचं लपवलं तर तिच्या जिवाशी खेळ होतो. दोन्हीकडे लपवणं चूकच.

सीवूड्स_४२

तिच्या नवऱ्याशी बोलले. परवाची अपॉइंटमेंट घेतली आहे.

घोडबंदर_रोड

मी ३८ वर्षांचा. धडधड होते म्हणून गेलो तर १८ मिमीचा एएसडी निघाला. शाळेत क्रिकेट खेळलोय, येऊरच्या टेकडीवर चढलोय. इतकी वर्षं कळलं कसं नाही? डिव्हाइसने बंद करू म्हणतात.

कॅथलॅबची_ताई

वरच्या कप्प्यांमधल्या प्रेशरमध्ये फरक अगदी थोडा असतो, त्यामुळे रक्त सावकाश सरकतं, जोराचा आवाज होत नाही. उजवी बाजू वर्षानुवर्षं ताणत जाते आणि तिशी-चाळिशीत धडधड किंवा दम लागून कळतं. तुमच्यासारखे खूप येतात.

डिव्हाइस म्हणजे निटिनॉल नावाच्या लवचिक मिश्रधातूच्या तारेची जाळी, दोन बाजूंना दोन चकत्या. मांडीच्या शिरेतून घडी करून नेतात, पडद्याच्या दोन्ही बाजूंना उघडतात. पडद्याच्या मधल्या भागातल्या एएसडीलाच ती बसते आणि कडेला धरायला पुरेसा काठ लागतो. तो अन्ननलिकेतून केलेल्या इकोत बघतात. काठ नसेल तर ऑपरेशन. नंतर साधारण सहा महिने रक्त पातळ ठेवायची गोळी, तेवढ्यात आतल्या अस्तराने जाळी झाकली जाते. त्या काळात दाताचं काम निघालं तर दंतवैद्याला आधी सांगा.

कोपरखैरणे

थोडं अवांतर. बाबांच्या डायलिसिससाठी हातात फिस्टुला केला आहे. हात लावला की सतत थरथर लागते. हाही शंटच का?

कॅथलॅबची_ताई

हो, धमनी थेट शिरेला जोडलेली. ती थरथर रोज बोटांनी तपासा, थांबली तर लगेच डायलिसिस सेंटरला फोन करा. त्या हातावर बीपी किंवा सुई नाही. फिस्टुला फार मोठा झाला तर हृदयावर भार येऊ शकतो, तेव्हा दम वाढला तर सांगा.

ऐरोलीची_आई

खर्चाबद्दल लिहिते, कारण आम्ही त्यातून गेलोय. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत तपासणीला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याची सुरुवात २०१३मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. नाव लागलं तर पुढची सोय तेच लावतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही लहान मुलांची हृदयाची ऑपरेशनं आहेत. आणि खारघरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटलमध्ये मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, तिथे बिलाची खिडकीच नाही. परळला वाडिया आणि केईएम आहेतच. पैशासाठी तारीख पुढे ढकलू नका, आधी इथे विचारा.

कळवा_पूर्व

हिंमत करून विचारतो. मुलगा १४ महिन्यांचा. रिपोर्ट: "पेरीमेम्ब्रेनस व्हीएसडी, ३ मिमी, लेफ्ट टू राइट, ग्रेडियंट ७०." हा ७० बघून बायको दोन रात्री झोपली नाही. शेजारच्या मुलाचा ग्रेडियंट २० आहे, त्याला मात्र ऑपरेशन सांगितलंय. आम्हाला सहा महिन्यांनी या म्हणाले. विसरले की काय?

कॅथलॅबची_ताई

दादा, वहिनींना आधी हे वाचून दाखवा. ग्रेडियंट म्हणजे भोकाच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक. तो जास्त असणं चांगलं. समजा बाळाचं वरचं बीपी ९५ आहे. त्यातून ७० वजा केले तर उजव्या कप्प्यात राहिलं २५. म्हणजे फुप्फुसाकडे प्रेशर वाढलेलं नाही, भोक लहान आहे आणि धार जोरात आहे. मर्मरही मोठा असेल, त्याला घाबरू नका. शेजारच्या मुलाचा फरक फक्त २० आहे, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर जवळ आलंय. त्याला वेळ कमी आहे, म्हणून त्याचं आधी.

तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच सहा महिने सांगितले असणार. पेरीमेम्ब्रेनस व्हीएसडी महाधमनीच्या झडपेला लागून असतो. कधी कधी झडपेची एखादी पाकळी भोकाकडे ओढली जाते आणि झडप गळायला लागते. मूल ठणठणीत असलं तरी दर इकोत ते बघावं लागतं. म्हणून तारीख चुकवू नका.

कळवा_पूर्व

ताई, वाचून दाखवलं. ती रडली आणि झोपली. बीपी मात्र त्या दिवशी घेतलंच नव्हतं.

कॅथलॅबची_ताई

पुढच्या वेळी इकोच्या आधी घ्यायला सांगा, लहान मुलांचा पट्टा वापरून, आणि रिपोर्टवर लिहून घ्या. जुना रिपोर्ट सोबत न्या. शेजाऱ्यांची ऑपरेशनची तारीख कधीची आहे? पैशाचं अडलं असेल तर त्यांना ऐरोलीच्या ताईंचा प्रतिसाद आजच दाखवा.